अर्धी खूण

समुद्रातला तो माशांचा खडक कुठे आहे, हे सगळ्या धक्क्यावर दोघी जावांनाच ठाऊक होतं. त्यातही खरं सांगायचं तर एकेकीला अर्धंच. ही करामत सासऱ्याची. म्हाताऱ्याला दोन मुलगे, दोघेही तापट. आपल्यामागे हे वेगळी चूल मांडणार हे त्याने ओळखलं होतं. म्हणून खडकाच्या दोन खुणा त्याने दोघांत वाटून टाकल्या. समोर कारखान्याची चिमणी पुलाच्या मधल्या खांबाआड गेली, की एक रेघ सापडते; ती थोरल्याची. उजव्या किनाऱ्यावर काहीतरी कशाच्यातरी आड जातं, ती दुसरी रेघ, ती धाकट्याची. दोन रेघा जिथे कापतात तिथे खाली खडक. एकाच रेघेवर दिवसभर वल्हवा, हाताला फोड येतील, मासा येणार नाही. भाऊ जन्मभर भांडले, पण होडी एकच राहिली. ते गेले आणि खुणा बायकांकडे आल्या.

थोरली पुढे बसायची, धाकटी मागे. एक म्हणायची "माझी आली", दुसरी म्हणायची "माझीपण", की नांगर पाण्यात. कुणी कुणाला खूण विचारली नाही. विचारलं म्हणजे हिच्या मनात वेगळं निघायचं आहे, असाच अर्थ त्या घरात लागायचा.

या वर्षी धाकटीचे गुडघे गेले आणि लेक तिला शहरात घेऊन गेली. निघताना धाकटी रडली. थोरलीला रडणं जमत नाही, बोलणं जमतं. म्हणाली, "जा बाई, सुखाने जा. तू काय, नुसती मागे बसायचीस. तेवढं काम दगडही करतो." झालं. तेव्हापासून दोघींचा फोन बंद.

आता हंगाम संपत आला होता. पाण्यात हात घातला की हाडापर्यंत गार. बाकीच्या होड्या वर ओढून पालथ्या घातलेल्या. थोरलीचा मुलगा येऊन सांगून गेला, "आई, एकटीने जमत नाही ना, मग होडी विकू आणि माझ्याकडे चल."

"वारा फिरायच्या आत पाटी भरून आणली नाही, तर येईन," ती म्हणाली. "आणली, तर हा विषय पुन्हा माझ्या उंबऱ्याच्या आत आणायचा नाही."

बोलून बसली खरी. पण रोज रिकामी पाटी. धक्क्यावरचा बर्फवाला वाटच बघत असायचा.

"अक्का, बर्फ देऊ? की आजपण नुसती हवा खाऊन आलात?"

"बर्फ तुझ्या डोक्यावर ठेव मेल्या, तिथे जास्त गरज आहे."

घरी आली की मात्र तोंडाला कुलूप. भाजीत मीठ जास्त पडलं तर नाव कुणाला ठेवायचं? भांडायलासुद्धा माणूस लागतं. थोरली खारट भाजी मुकाट्याने संपवायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची.

मग एका सकाळी वाऱ्याला वेगळीच धार आली. आज नाही तर नाहीच. चिमणी खांबाआड धरून ती रेघेवरून पुढे गेली, मागे आली. दोरीला बांधलेलं शिसं पुन्हा पुन्हा खाली सोडलं. शिशाच्या तळाला साबण थापलेला. खाली जे असेल ते त्याला चिकटून येतं. दर वेळी चिखलच. शेवटी तिने वल्ही आत घेतली आणि फोन काढला.

"दगडाशी काय काम काढलंत, अक्का?" धाकटी तिकडून म्हणाली.

"काम कसलं. गुडघे कसे आहेत विचारायला केला."

"समुद्रातून? वारा ऐकू येतोय मला."

"धाकटे, खूण सांग."

"नाही सांगणार. सांगितली की तुमचं काम झालं. मग हा फोन कशाला वाजेल? इथे सकाळी सगळी दार ओढून जातात. लिफ्टचा आवाज आला की वाटतं, कुणी आलं. ती आपली वरच्या मजल्यावर जाते."

"मग विकू दे होडी पोराला?"

"विकायला कोण सांगतंय? तुम्ही वल्हवा आणि उजवीकडे काय दिसतं ते बोलत राहा. कुठे थांबायचं ते मी सांगते."

थोरलीने फोन डोक्याच्या फडक्यात कानाशी खोचला. गोदामाचं छत कुठे आलं? झाडांची रांग? पाण्याची टाकी? पिवळी भिंत? टाकी आता कुठे? धाकटी मुद्दाम सगळा किनारा विचारत होती. पण एका छपराखाली जन्म काढलेला. टाकीचं नाव घेताना तिचा आवाज किंचित खाली जातो, हे थोरलीला कळायचं राहील होय? मोडक्या धक्क्यावरच्या दिव्याच्या खांबामागे टाकी सरकली, असं थोरली म्हणते न म्हणते तोच कानात ओरडा आला, "थांबा!"

शिसं टणकन लागलं. साबणाला चिखल नाही, शिंपल्याचा चुरा.

दुपारी भरलेली पाटी पाहून बर्फवाल्याने न मागता बर्फ घातला. मुलाला थोरलीने फोनवर दोनच शब्द सांगितले, "पाटी भरली."

दुसऱ्या दिवशी वारा अजून थोपलेला होता. ती थेट गेली. समोर चिमणी खांबाआड, उजवीकडे टाकी दिव्याआड. नांगर टाकला, गळ सोडला. दोरीला झटके बसायला लागले. मग तिने फोन लावला.

"सापडत नाही गं मला."

"तुमच्या डोक्यात काही राहील तर शपथ!" धाकटीच्या आवाजात नुसता आनंद. "कालच तर नेलं तुम्हाला!"

आजवर कुणाचा अर्धा शब्द न ऐकलेल्या थोरलीने तो अख्खा ऐकून घेतला.

"हो बाई. म्हातारी झाले. सांग आता."

"बरं, वल्हवा. गोदामाचं छत दिसतं का?"

"बघते," थोरली म्हणाली, आणि तिकडे आवाज जावा म्हणून नांगरलेल्या होडीतून वल्हं जोराने पाण्यावर मारलं.