दोघींसाठी शिवलेली उशी

मी उशी बोलतेय. पण डोक्याखालची नव्हे, गुडघ्यांखालची. माझ्यावर कधी कोणी झोपलं नाही. झोप उडालेलीच माणसं माझ्याकडे आली.

जुन्या पडद्याचं कापड, फाटक्या रजईतला कापूस आणि दाभणाचे मोठाले टाके, असा माझा जन्म. मला शिवलं तेव्हा आईचा नवरा देवाघरी जाऊन वर्ष झालं होतं आणि मुलगी चार वर्षांची होती. आईनं मला मुद्दाम लांबट केलं. डावी बाजू तिची, उजवी मुलीची.

रोज सकाळी चहाच्या आधी दोघी माझ्यावर गुडघे टेकत. आईची प्रार्थना चांगलीच लांबायची. मुलगी एक डोळा किलकिला करून माझ्या शिवणीतला दोरा ओढत बसायची.

"आई, आमेन आलं का जवळ?"

"आलं की सांगेन. डोळे मीट."

त्या प्रार्थनेत एक वाक्य कधी चुकलं नाही. मुलगी पाच महिन्यांची असताना तिची छाती भरली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. तेव्हा दवाखान्याच्या बोळात आईनं देवाला शब्द दिला होता: हिला वाचव, मी हिला चर्चच्या मंडळीची सेविका करीन. मुलगी वाचली. तेव्हापासून आई रोज म्हणे, "देवबापा, तू वाचवलीस, मी तुला दिलीय." मुलगी ते ऐकत ऐकत मोठी झाली, आणि एकोणिसाव्या वर्षी येऊन म्हणाली, "मला लिफ्ट दुरुस्तीचं काम मिळालंय. दुसऱ्या शहरात."

"लिफ्ट? अगं, शब्द दिलाय मी देवाला!"

"तू दिलास. मला कोणी विचारलं?"

"पाच महिन्यांची होतीस तू!"

"तेच म्हणतेय मी." मग जरा नरमून ती म्हणाली, "आणि लोकांना वर न्यायचंच काम आहे की गं माझंही."

आईला हसू आलं नाही. "माझा शब्द मोडणार असशील तर माझ्या शेजारी गुडघे टेकू नकोस," एवढं बोलून ती स्वयंपाकघरात निघून गेली. मुलीनं बॅग भरली.

पहिल्या वर्षी तिचे फोन यायचे. "सेवेला येणार असशील तर बोल," म्हणून आई फोन ठेवायची. मग फोनही थांबले.

चार वर्षं अशी गेली. माझी डावी बाजू दबून चपटी झाली आणि उजवी तशीच फुगलेली राहिली. त्या बाजूवरची धूळ आई रोज हातानं झटकायची. पण स्वतः चुकूनही तिकडे सरकायची नाही. "तिला परत फिरव, माझा शब्द खरा कर," एवढंच तिचं मागणं. मला मात्र वाटे, ही देवाशी बोलत नाही, त्याला काम सांगतेय.

एका दुपारी चर्चच्या पाळकबाई आल्या. वय झालेलं, गुडघे कुरकुरणारे. "चल, दोघी मिळून प्रार्थना करू," म्हणत त्या सरळ माझ्या उजव्या बाजूला टेकल्या.

"तिथं नको!" आई ओरडलीच.

पाळकबाई दचकल्या. "अगं बाई! काय झालं? उठायला सांगू नकोस हं, मला बसायलाच पाच मिनिटं लागलीत."

मग आईनं चार वर्षांत कुणाला न सांगितलेलं सगळं सांगितलं.

पाळकबाई ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "मुलगी बदल्यात दे, असं देव म्हणाला होता का?"

"नाही. मीच म्हणाले."

"मग त्यानं ती तुझ्या शब्दासाठी वाचवली की तिच्यावरच्या मायेनं? वेडे, ती आधीपासून त्याचीच आहे. तू कुठून देणार? आणि तिला कुठं न्यायचं ते त्याला कळत नाही होय?"

आई वाकली ती इतकी, की कपाळ मला लागलं. त्या दिवशीची तिची प्रार्थना सगळ्यांत छोटी होती. "देवबापा, चुकले. ती तुझी. तू नेशील तिकडे ने. मला फक्त आई राहू दे."

मग उठून तिनं फोन लावला.

"हॅलो? कोण? आई? मी लिफ्टच्या टपावर आहे गं, नंतर बोलू?"

"सवडीनं बोल. मी थांबते. आणि हे बघ... नीट धरून उभी राहा."

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा खण्ण आवाज आला. मग मुलगी म्हणाली, "तूच ये ना इकडे."

आई गेली. घाईत निघाली, चार कपडे आणि पवित्र शास्त्र तेवढं घेतलं. मी राहिले. पाळकबाई आठवड्यातून एकदा कुलूप काढून कुंड्यांना पाणी घालतात आणि जातात. बाकी खोलीत मी एकटी. तिकडे दोघींचं जुळलं की पुन्हा खटकलं, मला कोण सांगणार?

इतकी वर्षं मी प्रार्थना नुसत्या ऐकल्या, केली एकही नाही. आज धीर करून एक करते. तुम्हीही माझ्याबरोबर म्हणा.

देवबापा, त्या घरची फरशी गार असेल आणि आई तर सकाळी गुडघे टेकल्याशिवाय राहायची नाही. तिच्या गुडघ्यांखाली कुणीतरी काहीतरी सरकव. ते मीच असलं पाहिजे, असं नाही.