केबिनपर्यंत आणि परत

आमच्या ह्यांना जमीन मानवत नाही. लग्न झाल्यापासून बघतेय, हे टॉवर क्रेन चालवतात. म्हणजे मोठी इमारत बांधत असतात तिथे तो उंचच्या उंच पिवळा खांब असतो ना, त्याच्या शेंड्याला काचेची खोली असते, तिथे बसतात. त्या खोलीला केबिन म्हणतात आणि तिथे जायला लिफ्ट नसते. डबा पाठीला बांधून खांबाच्या पोटातल्या शिडीने चढायचं आणि संध्याकाळी तसंच उतरायचं. वर दिवसभर एकट्याला कंटाळा येत नाही का, असं मी एकदा विचारलं होतं. हे म्हणाले, खाली आल्यावर येतो.

मागच्या वर्षी कंपनीच्या तपासणीत ह्यांचं वजन, साखर आणि रक्तदाब असे तिघेही वर गेलेले निघाले, त्यामुळे डॉक्टरांनी ह्यांना खाली आणलं. कामावरून काढलं नाही, स्टोअरमध्ये बसवलं. सकाळी कामगारांना हेल्मेट आणि हातमोजे द्यायचे, संध्याकाळी परत घ्यायचे. साइटवर सुरक्षेचं काम बघणाऱ्या एक मॅडम आहेत, वयाने आमच्या मुलीसारख्या, पण शब्दाच्या पक्क्या. त्यांनी ह्यांना सांगितलं की सहा महिन्यांत तब्येत ताळ्यावर आणा आणि शिडी चढून दाखवा, केबिन तुमचीच आहे. नाही जमलं तर कायमचं स्टोअर.

तब्येत ताळ्यावर आणणं राहिलं बाजूला, हे स्टोअरमधून आले की सोफ्यावर आडवे व्हायचे ते उठायचेच नाहीत. आमच्या पुढच्या खोलीच्या खिडकीतून ती क्रेन दिसते. ह्यांनी पडदा ओढून घेतला. मी उघडला की हे उठून पुन्हा लावायचे, तेवढाच काय तो व्यायाम. रात्री झोप नाही, दिवसा स्टोअरमध्ये बसल्याजागी डोळा लागलेला. बोलणं तर संपलंच. मी काही गरीब गाय नाही, आमच्याकडे भांडणं होतात आणि चांगली वाजतगाजत होतात. पण गप्प बसलेल्या माणसाशी भांडायचं कसं? मला ह्यांची काळजी वाटत होती म्हणणं खोटं होईल. मला भीती वाटत होती.

माझं तरी काय वेगळं होतं म्हणा. मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. दिवसभर एकाच खुर्चीत बसून लोकांना वेळा द्यायच्या आणि आतून येणारं विव्हळणं ऐकायचं. मान आखडलेली, कंबर धरलेली, आणि घरी आले की कुणी जरा काही बोललं तरी अंगाचा तिळपापड. पण स्वतःकडे बघायला मला फुरसत कुठे होती.

शेवटी एका रविवारी मी पडदा उघडला, सोफ्यासमोर ह्यांचे बूट आणून ठेवले आणि म्हटलं, "अहो, उठा. जिना चढायला जायचंय."

"कुणाकडे?"

"कुणाकडे नाही. नुसता जिना."

कंपनीच्या डॉक्टरांना मी आधीच विचारून ठेवलं होतं, नाहीतर म्हणाल बाई नवऱ्याच्या जिवावर उठली. आमची इमारत चांगली उंच आहे, पण आम्ही तळमजल्यावर राहणारे, वरचे मजले आम्ही कधी बघितलेच नव्हते. पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच हे पायरीवर बसले आणि मला बोल लावायला लागले. मी उत्तर देणार होते, पण मला ह्यांच्यापेक्षा जास्त धाप लागली होती. तिथल्या एका घरातली बाई दार उघडून विचारायला लागली की कुणाकडे आलात. आम्ही दोघांनी नुसतेच हात हलवले.

पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, आणि तिसऱ्या दिवशीही. हे कुरकुरत यायचे, मी मागून ढोसत न्यायची. हळूहळू वरचे मजले ओळखीचे झाले, कुणाच्या दारात कोणती कुंडी आहे ते पाठ झालं, आणि एके दिवशी आम्ही थेट गच्चीवर पोचलो. तिथून क्रेन अगदी समोर दिसते. हे कठड्याला टेकून कितीतरी वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले आणि मग म्हणाले की आत्ता जो कोणी वर बसलाय तो माल फार हिसक्याने उचलतोय. कुरकुर सोडली तर कित्येक आठवड्यांनी ह्यांनी आपणहून काढलेलं ते पहिलं वाक्य होतं. मला इतका आनंद झाला की मी त्या बिचाऱ्या माणसाला ह्यांच्याबरोबर मनसोक्त नावं ठेवली.

खाली यायचं ते मात्र लिफ्टने. उतरताना गुडघे कुरकुरतात असं ह्यांचं म्हणणं होतं, आणि उतरायला अशी काय ताकद लागते असं माझं. एरवी आमचं एकमत होत नाही, इथे नेमकं झालं. लिफ्टच्या आरशात आपापले लाल झालेले चेहरे बघत आम्ही मोठ्या तोऱ्यात खाली यायचो.

गुण मात्र आला. ह्यांच्या पँटी ढिल्या झाल्या, साखर उतरली, रक्तदाबही शहाण्यासारखा वागायला लागला. रात्री हे घोरायला लागले. लोक घोरण्याला कंटाळतात, मला ते ऐकून जिवात जीव आल्यासारखं वाटायचं.

सहा महिने भरत आले तेव्हा मॅडमनी ह्यांना चढून दाखवायला बोलावलं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेटपाशी जाऊन उभी राहिले. शेजारी ह्यांचा जुना जोडीदार होता. हा सिग्नलवाला. खालून वॉकीटॉकीवर सांगतो की माल कुठून उचला आणि कुठे ठेवा, आणि वरून हे तसं करतात. हे पट्टा बांधून शिडीला लागले आणि सरसर वर गेले. मॅडमसुद्धा खूश दिसल्या. मी मनातल्या मनात सगळ्या नातेवाइकांना कळवूनही टाकलं.

मग हे उतरायला लागले. अर्ध्यावर येईपर्यंत ह्यांचे पाय लटपटताना मला खालून दिसत होते. शिडीच्या मध्ये विसाव्याला लोखंडी फळी असते, तिच्यावर हे बसले ते बसलेच. शेवटी दोन माणसं वर गेली आणि ह्यांना धरून, एकेक पाय नीट टेकवत खाली घेऊन आली. साइटवरची सगळी माणसं काम थांबवून बघत होती. ह्यांची मान वर होईना.

मॅडमनी मला विचारलं की सराव कसा केलात. मी जिन्याचं सांगितलं.

"आणि खाली कसे यायचात?"

"लिफ्टने," मी म्हटलं.

सिग्नलवाल्याला हसू फुटलं, मग तो दुसरीकडे बघायला लागला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी समजावलं की चढताना पाय आपलं वजन उचलतात, पण उतरताना तेच वजन तोलून धरत हळूहळू सोडावं लागतं, आणि ती सवय ह्यांच्या मांड्यांना लागलेलीच नाही. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "काका, वर जाणारे मला पुष्कळ मिळतात. मला संध्याकाळी आपल्या पायांनी घरी जाणारा माणूस पाहिजे." त्यांनी महिनाअखेरीची वेळ दिली आणि ती शेवटची, असंही सांगितलं.

घरी आल्यावर ह्यांनी पडदा लावला. मी चिडले, ओरडले, नाही नाही ते बोलले. हे शांतपणे म्हणाले, "सगळ्यांदेखत दोघांनी धरून उतरवलं मला. आता नको गं." त्या "नको गं" पुढे मी हात टेकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना उठवायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि स्वतःही लोळत पडणार होते. पण पडवेना. पायांनाच चैन पडेना. शेवटी बूट चढवले आणि एकटीच निघाले, ह्यांच्यावर, मॅडमवर, त्या लिफ्टवर दात खात. मधल्या कुठल्यातरी मजल्यावर लक्षात आलं की आपला राग गेलाय. शोधला तरी सापडेना. गच्चीवर जाऊन उभी राहिले तर मान मोकळी, कंबर मोकळी, डोकं असं स्वच्छ की त्यात एकसुद्धा तक्रार नाही. गेले कित्येक आठवडे मी शांत झोपत होते, दवाखान्यात पेशंटशी गोड बोलत होते, आणि नवऱ्याच्या प्रकृतीवर पहारा ठेवण्याच्या नादात हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मग मी जिन्यानेच खाली उतरले. तळमजल्यावर पोचेपर्यंत माझ्या मांड्या थरथरायला लागल्या होत्या, आणि त्या फळीवर बसलेल्या माणसाला काय झालं असेल ते मला कळलं.

हे सोफ्यावर जागेच होते. मी समोर बसले आणि म्हटलं, "मी आता रोज जाणार आहे. तुमच्यासाठी नाही. मला बरं वाटतं म्हणून. तुम्हाला यायचं तर या."

हे उठून बसले. मग म्हणाले, "खाली कशी आलीस?"

"जिन्याने. आणि माझ्याच्याने आता उभं राहवत नाहीये, तेव्हा चहा तुम्ही करा."

ह्यांनी चहा केला. चांगला झाला होता, पण मी तसं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आधी हे बूट घालून दारात उभे.

त्या महिन्यात आम्ही फक्त उतरायला शिकलो. चढून जायचं आणि खाली येताना पाय आपटायचा नाही, घाई करायची नाही, कठडा धरायचा नाही. दूध तापेपर्यंत स्वयंपाकघरातल्या बुटक्या स्टुलावर उभं राहून एक पाय सावकाश जमिनीला टेकवायचा आणि तसाच वर घ्यायचा. दोनदा दूध उतू गेलं. पहिल्या आठवड्यात खुर्चीत बसताना आम्ही दोघंही एका सुरात "आई गं" म्हणायचो. मग ठणका कमी झाला, मग थांबला, आणि मग एके दिवशी हे माझ्यापुढे शीळ घालत उतरत गेले.

महिनाअखेरीला मी पुन्हा गेटपाशी होते. ह्या वेळी नातेवाइकांना मनातसुद्धा कळवलं नाही. हे चढले ते सावकाश, आपल्या चालीने. केबिनमध्ये बसले, सिग्नलवाल्याने इशारा दिला आणि ह्यांनी लोखंडी सळयांचा भला मोठा भारा उचलून पलीकडच्या मजल्यावर असा अलगद ठेवला की जणू झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं. खालची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणाच्या हातची करामत आहे ते त्यांना न सांगता कळलं होतं.

मग हे उतरायला लागले. मी ह्यांच्या पायांवरून नजर हलवली नाही. एक पाय खाली, मग दुसरा खाली, थरथर नाही, घाई नाही. मधली फळी आली. ह्यांनी तिथे उभं राहून घाम पुसला, इकडेतिकडे बघितलं आणि पुन्हा उतरायला लागले. शेवटच्या पायरीवरून जमिनीवर आले आणि ताठ उभे राहिले. श्वाससुद्धा फुलला नव्हता. माझाच अडकला होता.

मॅडमनी ह्यांची नाडी बघितली, पाय बघितले आणि हात पुढे केला. "काका, उद्यापासून केबिन तुमची."

हे म्हणाले, "उद्या कशाला? अर्धा दिवस बाकी आहे अजून."

मॅडमनी हसून शिडीकडे बोट दाखवलं. हे निघाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि त्याचं मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. लहान होत होत हे वर पोचले, काचेचं दार उघडलं आणि मिटलं.

थोड्या वेळाने सिग्नलवाल्याच्या हातातली वॉकीटॉकी खरखरली. ह्यांचा आवाज होता. "ती गेटवरच आहे का अजून?"

"वहिनी? इथेच आहेत."

"तिला म्हणावं, घरी जा. उतरायचं माझं मी बघतो."

मी रडले. भर रस्त्यात, हुंदके देऊन रडले, आणि मला कुणाची काडीइतकी लाज वाटली नाही. मग डोळे पुसले, पर्स खांद्याला लावली आणि चालत घरी निघाले. कोपऱ्यापर्यंत एकदाही मागे वळून बघितलं नाही.