पात्याचा मधला तुकडा

“साहेब, हा फोटो पात्याच्या बुडाचा आहे. तुटलं ते मधे.”

पॉलिशवाल्या बाई एवढं बोलल्या, तरी साहेबांनी अहवालातून मान वर केली नाही. सव्वीस वर्षं बाई या प्रयोगशाळेत धातूचे तुकडे आरशासारखे घासत होत्या. नमुना धरायचा कसा, हे प्रत्येक नव्या साहेबाला त्यांनीच शिकवलेलं, आणि शिकला की तोच त्यांना अक्कल शिकवायचा.

वीजघरातल्या टर्बाइनचं निकेलच्या मिश्रधातूचं पातं तुटलं होतं. ऑपरेटरने यंत्र एकाएकी तापवलं, असं परस्पर ठरवून त्याला घरी बसवलं होतं. मालकांना आता फक्त तसा कागद हवा होता.

या धातूच्या पोटात अतिसूक्ष्म चौकोनी कण ओळीने बसलेले असतात. तेच त्याचं बळ. एकाएकी ताप चढला तर ते विरघळतात. पण वर्षानुवर्षं तापलेल्या पात्याला वेगाने फिरताना बाहेरच्या बाजूला बसणारी ओढ सोसावी लागली, तर ते चपटे होऊन एकमेकांना चिकटतात. मधल्या तुकड्यात सगळे चपटे झाले होते, म्हणजे पातं मुदत संपल्यावरही फिरवलं होतं. बुडाशी आच कमी, तिथे चौकोन शाबूत. साहेबांनी नेमका तोच फोटो लावून ‘धातू निर्दोष’, म्हणजे चूक ऑपरेटरची, असं लिहिलं होतं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“बाई, तुमचं काम घासायचं,” साहेब म्हणाले.

“तेच केलंय. म्हणून तर दिसतंय.”

जबाबासाठी बोलावलेला ऑपरेटर सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून होता. बाईंनी त्याला सरळ आपल्या खोलीत आणलं, मधला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि पडद्यावर बोट ठेवून सगळं समजावून सांगितलं.

“म्हणजे माझ्या हातून नाही झालं?” त्याने विचारलं. “मी तर बायकोलाही सांगून टाकलं, चुकलंच असेल माझं काहीतरी.”

बाईंना साहेबांपेक्षाही या वाक्याचा संताप आला. निर्दोष माणसाला त्याच्याच तोंडून गुन्हेगार ठरवलं होतं या लोकांनी.

“नाही झालं, दादा. पातं थकलं होतं. त्यांना ते बदलायचं नव्हतं.”

त्यांनी फोटो छापला. मागे तुकड्याची जागा, तारीख आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहून त्याच्या हातात दिला. आपल्या नोकरीचं काय होईल, ते त्यांना ठाऊक होतं.

ऑपरेटरने तो खिशात घातला नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरून, सगळ्यांना दिसेल असा, तो साहेबांच्या दारावरून सावकाश चालत गेला.