मुकादमांची बंदुकीची तिजोरी

हे घडलं एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली. त्या साली गल्लीत इतक्या घरफोड्या झाल्या की कुलपं विकणाऱ्याने दुकानाला नवा रंग काढला. त्याच साली मुकादमांच्या लेकीला इस्पितळात दिवसपाळी मिळाली, आणि तिच्या पोरीला दिवसभर सांभाळायचं कुणी, हा प्रश्न आला.

मुकादम म्हणजे घरसामान हलवणाऱ्या टोळीचे मुकादम. काम सुटलं तरी नाव सुटलं नाही, आणि त्यांच्या बायकोला सगळे मुकादमीणबाई म्हणत. नात नुकतीच चालायला लागली होती. तिला सांभाळायला मुकादमीणबाई एका पायावर तयार होत्या. आड आली ती बंदूक.

दुनळी बंदूक, मुकादमांच्या वडिलांची. तिला रीतसर परवाना होता. रीतसर जागा नव्हती. जुन्या चादरीत गुंडाळलेली ती कपाटावर पडलेली असे. आजवर तिने कुणाला इजा केली नव्हती, तेलपाण्यासाठी खाली काढताना एकदा मुकादमांच्याच पायावर पडली ते सोडलं तर.

लेक परिचारिका. तिने सांगून टाकलं की बंदुकीला पोरीचा हात लागणार नाही आणि चोराचाही लागणार नाही अशी सोय झाली तरच पोर इथे राहील. नाहीतर तिच्या सासूबाई तयार आहेतच, आणि त्यांचं गाव रात्रभराच्या प्रवासावर. मुकादमीणबाईंनी समजूत घालायला तोंड उघडलं, तर लेक म्हणाली, "आई, मी वॉर्डात काम करते. मला पुढचं बोलायला लावू नकोस."

दुसऱ्याच दिवशी नवरा-बायको तिजोरीवाल्याकडे गेले. बंदुकीसाठी उंच, अरुंद तिजोऱ्या त्याच्याकडे भिंतीला ओळीने उभ्या होत्या. तो पत्र्याची जाडी दाखवत होता, कुलपाचे दांडे किती आत जातात ते दाखवत होता, दाराच्या फटीत कटावणीचं टोक शिरत नाही हे कटावणी घेऊन दाखवत होता. मुकादमांनी एकही दार उघडून पाहिलं नाही. ते एकेका तिजोरीला कवेत घेत, जरा कलती करत आणि पुढे जात. शेवटून दुसरी त्यांना हलली नाही. ती त्यांनी पसंत केली.

तिजोरीवाल्याने तिच्या तळाची भोकं दाखवली. यातून जमिनीत बोल्ट ठोकायचे, तेही कोपऱ्यात, म्हणजे चोराला पहार घालायलाही जागा उरत नाही. बोल्टांची पुडी तिजोरीबरोबरच मिळणार होती. मुकादमांनी ती परत केली. त्यांचा उभा जन्म लोकांनी ठोकलेल्या वस्तू उपटण्यात गेला होता. गंजलेले खिळे, भिंतीत बसवलेली कपाटं, कुणाच्या तरी आजोबांनी जमिनीत पुरलेलं जातं. ज्या वस्तूला कधीतरी हलायचं आहे तिला ठोकू नये, ही त्यांची काळ्या दगडावरची रेघ होती. त्यांच्या स्वतःच्या घरात तसबिरीसुद्धा भिंतीला टेकून जमिनीवर उभ्या असत.

"मुकादम, चोर तिजोरी इथे फोडत बसत नाही. आधी नेतो, मग घरी निवांत फोडतो," तिजोरीवाला म्हणाला.

"ही नेणारा अजून जन्माला यायचाय."

"तुम्ही नेली असतीत?"

"मी नेली असती."

"मग जन्माला आलाय की."

मुकादमांनी पैसे मोजून दिले. त्यांच्या जुन्या टोळीने तिजोरी आणली आणि चाकांच्या फळीसकट आतल्या खोलीत उभी केली. फळी मुकादमांनी तशीच राहू दिली, खालचा केर काढायला बरी म्हणून. मुकादमीणबाईंनी एका हाताने ढकलून पाहिली. लोण्यासारखी सरकली. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पण नात उद्याच येणार होती, तेव्हा त्या गप्प बसल्या. लेकीला त्यांनी कुलूप दाखवलं, गळ्यातली किल्ली दाखवली, काडतुसांचा वेगळा डबा दाखवला. फळीपुढे पायपुसणं टाकलं होतं.

नात आली. घरातले सगळे खालचे खण तिने रिकामे केले, आणि मुकादमीणबाईंचे दिवस कसे पळाले त्यांनाच कळलं नाही.

मग एका दुपारी दोघं नातीला लस टोचायला घेऊन गेली. परत आली तर पुढचं दार सताड उघडं, आणि दारात तिजोरी आडवी. चोर मागच्या दाराने शिरले होते. फळीमुळे त्यांना आतल्या खोलीतून पुढच्या दारापर्यंत काही त्रास पडला नव्हता. तिथे उंबरठ्याला चाक अडलं, तिजोरी कलंडली, आणि ते आल्या वाटेने हात हलवत गेले. कुलूप शाबूत होतं, बंदूक आत होती.

मुकादमांनी वाकून चाक आणि उंबरठा तपासला. मग म्हणाले, "उंबरठ्याला फळ्यांचा उतार लावायला हवा होता. शिकाऊ दिसतात."

तेवढ्यात पाळी संपवून लेक आली. तिने आडवी तिजोरी पाहिली, फळी पाहिली.

"ही इथवर आली कशी?"

"ढकलत," मुकादमीणबाई म्हणाल्या. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

लेकीने पोरीला उचललं. रविवारी सासूबाई न्यायला येतील, एवढं सांगून ती निघून गेली.

टोळीने येऊन तिजोरी उभी केली, आत नेली आणि या वेळी फळीवरून उतरवून कोपऱ्यात ठेवली. ती माणसं गेल्यावर मुकादमीणबाई तिजोरीवाल्याकडे जाऊन बोल्टांची पुडी घेऊन आल्या आणि ती त्यांनी नवऱ्यासमोर ठेवली.

"अगं, उद्या घर बदलायचं झालं तर?"

"अहो, आपण कुठे चाललोय?"

मुकादमांनी अख्ख्या गावाची घरं बदलून दिली होती. स्वतः मात्र लग्न झाल्यापासून याच घरात होते. मग त्यांनी शेजाऱ्याकडून ड्रिल मागून आणलं आणि स्वतःच्या हाताने कोपऱ्यात भोकं पाडली. पाडताना चेहरा असा, की दाढ उपटतायत. शेवटचा बोल्ट आवळून झाल्यावर ते अंगणात जाऊन बसले.

शनिवारी लेक आली. तिने तिजोरीला खांदा लावला, पाय रोवून जोर केला, मग दुसऱ्या बाजूने केला. तिजोरी जागची हलली नाही. कपाळावरचा घाम पुसत तिने शेजारून फोन केला आणि सासूबाईंना येऊ नका म्हणून कळवलं.

चोर पुढच्याच वर्षी दुसऱ्या गल्लीत सापडले. खरोखरच शिकाऊ निघाले. तिजोरीवाल्याचं दुकान त्याच्या सुनेने चालवलं, आणि त्याच्यापेक्षा बरं चालवलं. मुकादम सत्तरी ओलांडून झोपेतच गेले. त्यानंतर मुकादमीणबाईंनी बंदूक ठाण्यात जमा केली. लेक मेट्रन होऊन निवृत्त झाली आणि अजूनही कुणाचं ऐकून घेत नाही. नात पूल बांधते, महिना महिना घरी नसते. मुकादमीणबाई तिच्याकडेच असतात. आता कानांनी कमी ऐकू येतं, पण नातीची जीप वळणावर आली की त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं.