मेलेल्यांचं स्टेशन

रविवारचा बाजार उठला तरी कोल्कापाम्पा गावाच्या चौकातून माणूस हलला नव्हता. बायका घोंगड्या पसरून बसल्या होत्या, पुरुष चर्चच्या पायऱ्यांवर. प्रत्येकाच्या मांडीवर घरून आणलेला रेडिओ आणि शेजारी पाण्याची बाटली. सगळे रेडिओ एकाच रिकाम्या जागी लावलेले, जिथे कुठलंच केंद्र लागत नाही अशा आकड्यावर. त्यातून नुसती खरखर येत होती, आणि ती खरखर लोक कानात प्राण आणून ऐकत होते.

मधोमध पांढऱ्या कोटातले बंधू आब्दियास उभे होते. राजधानीहून आलेले. त्यांच्या मागे त्यांची काळ्या काचांची गाडी.

"आत्मा म्हणजे काय?" बंधूंनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "लहर. रेडिओ काय पकडतो? लहर. शास्त्रज्ञांना हे कळायला शंभर वर्षं लागली, मला एका उपवासात कळलं. पाणीसुद्धा लहर पितं. बाटलीचं झाकण काढून ठेवा. झाकण लावलेल्या बाटलीत कृपा शिरत नाही."

शेकडो झाकणं निघाली. मग खरखर थांबली आणि सगळ्या रेडिओंतून एकदम एक पुरुषी आवाज आला. "बासिलिया, मी सेवेरो. मी बरा आहे इथे."

निल्दा कतारी आपल्या आईच्या, बासिलियाच्या शेजारी बसली होती. तो तिच्या वडिलांचा आवाज होता. हुबेहूब. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि या गावचं रेडिओ केंद्र त्यांनीच उभं केलेलं. आज तेच केंद्र निल्दा चालवत होती. दर आठवड्याला तंत्रज्ञानाच्या बातम्याही वाचायची: कुठे उपग्रहावरून इंटरनेट आलं, कुठल्या देशाने जुनी रेडिओ केंद्रं बंद केली. मिनिटभराचा आवाज दिला की यंत्र त्या आवाजात वाट्टेल ते बोलतं, ही बातमीसुद्धा तिनेच वाचली होती. पण त्या क्षणी तिला त्यातलं काहीएक आठवलं नाही. ती लहान मुलीसारखी रडली.

"त्या गोळ्या सोड, बासिलिया," आवाज म्हणाला. "लहरींचं पाणी पी. त्याने साखर उतरेल."

आईने दुसऱ्या दिवशी गोळ्या बंद केल्या. निल्दाने समजावलं, भांडली, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना घरी घेऊन आली. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या बापाने आयुष्यात मला एकदाही चुकीचा सल्ला दिला नाही. आता मेल्यावर देईल?" पायाच्या बोटाला झालेली जखम ती त्याच पाण्याने धुवायला लागली.

निल्दाच्या डोक्यात किडा वळवळला तो या वाक्याने. बाबा घरात आईला बासिलिया कधीच म्हणत नसत. 'म्हातारे' म्हणत, 'ए, ऐकतेस का' म्हणत, लाडात आले तर भलतंच काही म्हणत. आणि तो आवाज घरातला नव्हताच. शब्द ओढत, शेवटी सूर चढवत बोलणं ही त्यांची माइकसमोरची तऱ्हा होती. बायकोशी बोलायला आलेला नवरा बातम्या दिल्यासारखा का बोलेल?

मग ती आठवू लागली की आजवर कोण कोण मेलेलं बोललं. खाणीतला मुकादम. कापडवाली. जुना सरपंच. सगळे कधी ना कधी तिच्या केंद्रावर येऊन गेलेले. मोबाइल नव्हते तेव्हा लोक तिथे येऊन परगावच्या नातेवाइकांना निरोप द्यायचे: बटाटे काढून झाले, आजी आजारी आहे, लवकर ये. त्या जुन्या कॅसेटी तिने आणि केंद्रावर मदतीला असणाऱ्या एरास्मोकाकांनी मिळून संगणकात भरल्या होत्या. जे कधी केंद्रावर आले नाहीत, त्यांच्यातलं एकही मेलेलं बोललं नव्हतं.

तोमासामावशीचा मुलगा असाच. कोवळ्या वयात परदेशी खाणीत गेला आणि तिथेच वारला. मावशी दर रविवारी रेडिओ घेऊन यायची, आणि बंधू दर वेळी मान हलवून सांगायचे, "अजून लांब आहे तो. तुमच्या मनात काहीतरी गाठ आहे, आई. ती सोडवा."

तो साठा दोन ठिकाणी होता. एक प्रत इंटरनेटवर ठेवलेली, दुसरी केंद्रातल्या संगणकात, आणि त्या संगणकाला हात लावणारी माणसं दोनच. ती आणि एरास्मोकाका. काका बाबांचे जिवलग मित्र. दोघांनी मिळून अँटेना उभारलेली. बाबा गेले तेव्हा त्यांचा हात काकांच्या हातात होता.

इंटरनेटवरूनच कोणीतरी चोरलं असेल, असं निल्दाने स्वतःला बजावलं. दुसरं काही मनात आणायची तिची तयारी नव्हती. पण आईचं बोट काळं पडायला लागलं होतं.

ती ओरुरो शहरात मामेभावाकडे गेली. ओसिएल तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "यंत्राला खरा मेलेला कोण, खोटा कोण, हे कळत नाही. त्याला नुसता आवाज लागतो. माझा घे."

परतल्यावर ती आधी तोमासामावशीकडे गेली. आवाज फक्त साठ्यातल्या माणसांचेच येतात हे तिने समजावून सांगितलं, आणि विचारलं की तुझ्या मुलाच्या नावाने एक खोटा आवाज ठेवला तर चालेल का. मावशी चुन्यो, म्हणजे गोठवून वाळवलेले बटाटे, निवडत होती. हात थांबले.

"म्हणजे रोलांदो माझ्यावर रुसलेला नव्हता?"

"नाही, मावशी. त्याचा आवाज त्यांच्याकडे नाही, एवढंच."

"मला वाटायचं, खाणीत जा असं मीच सांगितलं, म्हणून येत नाही," मावशी म्हणाली. मग तिने शालीच्या टोकाने चेहरा पुसला. "ठेव. पाहिजे तो आवाज ठेव."

ओसिएलने बोललेला निरोप निल्दाने इंटरनेटवर चढवला नाही. पेन ड्राइव्हवर घालून तो फक्त एरास्मोकाकांच्या हातात दिला. एका फुटक्या कॅसेटच्या शेवटी तोमासामावशीच्या मुलाचा आवाज सापडला, म्हणाली, जरा खरखर काढून ठेवा. रोलांदोचा आवाज आईशिवाय गावात कोणाला आठवत नव्हता. काका म्हणाले, "ठेवतो, पोरी." आणि नेहमीसारखा त्यांनी तिच्यासाठी कोकाच्या पानांचा चहा केला. तो पिताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

रविवारी ओसिएल गर्दीत येऊन उभा राहिला. तोमासामावशीची पाळी आली तेव्हा निल्दा मनातल्या मनात एकच घोकत होती, लांब आहे म्हण, अजून लांब आहे म्हण. आईच्या जिवापेक्षाही त्या घटकेला तिला काका निर्दोष ठरायला हवे होते.

बंधूंनी डोळे मिटले. "आज गाठ सुटली, आई."

खरखर थांबली. "आई, मी रोलांदो," सगळे रेडिओ म्हणाले. आवाज ओसिएलचा होता.

निल्दाने वळून एरास्मोकाकांकडे पाहिलं. ते चर्चच्या भिंतीला टेकून स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

"हा माझा मुलगा नाही," तोमासामावशी उठून म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "पोटच्या पोराचा आवाज मी विसरेन असं वाटलं तुम्हाला?"

मग ओसिएल पुढे आला आणि रेडिओ बोलला होता तेच शब्द त्याच सुरात बोलला. "आई, मी रोलांदो." लोक एकदा रेडिओकडे, एकदा त्याच्याकडे बघू लागले. त्याने आपलं नाव सांगितलं, आपण जिवंत असून पोटापाण्याला शाळेत शिकवतो हेही सांगितलं. बंधू म्हणाले, लहरींची गल्लत झाली, कधीकधी जिवंतांच्या लहरी मध्ये घुसतात. कोणीतरी खो खो हसलं. त्या हसण्याबरोबर त्यांचा धंदा बसला.

लोकांनी गाडीचं दार उघडायला लावलं. आत एक तरुण लॅपटॉप घेऊन बसला होता. तो वाक्य टाइप करायचा, यंत्र ते मेलेल्याच्या आवाजात म्हणायचं, आणि सीटखालचा छोटा प्रक्षेपक ते रिकाम्या जागेवरून चौकभर पसरवायचा. म्हणून गावातला कुठलाही रेडिओ आणला तरी चमत्कार चालायचा. कोणाला काय म्हणायचं, हे बंधू बोलता बोलता काढून घेत. कोटातला माइक ते त्या तरुणाच्या कानापर्यंत पोचवी. घरांतली दुखणी तर काकाच सांगत. ओसिएलने त्याच लॅपटॉपवर एक वाक्य टाइप करून ते तिथेच रेडिओवर निल्दाच्या आवाजात वदवून दाखवलं. ती मात्र तोंड मिटून उभी होती.

संध्याकाळी केंद्रावर काका आपणहून आले.

"तू बातम्या वाचायचीस, कोण ऐकत होतं?" ते म्हणाले. "सगळे फोनमध्ये डोकं घालून. अँटेना गंजून पडायला आलेली. त्याने सांगितलं, मला आवाज द्या, मी लोकांच्या हातात पुन्हा रेडिओ देतो. आणि दिला की नाही? तुझा बाप असता तर त्यालाही बरं वाटलं असतं."

"बाबांचा आवाजही तुम्हीच दिलात."

"दोन गोड शब्द ऐकवेल म्हणाला होता. गोळ्या सोडायला सांगेल हे मला माहीत नव्हतं, निल्दा."

"कळल्यावर काय केलंत?"

काकांनी केंद्राची किल्ली टेबलावर ठेवली आणि ते गेले. ती दारापर्यंतही गेली नाही.

आईचं एक बोट कापावं लागलं, पाय वाचला. गोळ्या तिने पुन्हा सुरू केल्या, पण निल्दाशी बरेच दिवस धड बोलली नाही. नवरा तिने दुसऱ्यांदा गमावला होता, आणि या वेळी तो लेकीने नेला होता.

पुढच्या आठवड्यात तंत्रज्ञानाच्या बातम्यांच्या वेळी निल्दाने आधी स्वतःचा आवाज ऐकवला. त्यात ती ठासून सांगत होती की काल तिने कुरणातला एक लामा चर्चवरून उडताना पाहिला. मग ती खरोखर बोलू लागली.

"हे मी बोललेलं नाही. यंत्र बोललंय, माझ्या आवाजात. तुम्ही फोनवर पाठवलेल्या एका निरोपावरून तुमचाही असा आवाज करता येतो. तेव्हा आवाज ओळखीचा आहे म्हणून माणूस ओळखीचा आहे, असं धरून चालू नका. घरातल्यांनाच माहीत असेल असं काहीतरी विचारा. फोन ठेवा आणि स्वतः त्या माणसाला परत लावा. औषधाचं डॉक्टरीणबाईंना विचारा. आपली मेलेली माणसं आपल्याला गोळ्या सोडायला सांगत नाहीत. सांगणारा जिवंत असतो. तो कोण आहे, आणि त्याला काय हवंय, ते आधी शोधा. तो आपल्यातलाच असला तरी शोधा."

शेवटचं वाक्य कागदावर नव्हतं. ते बोलून झाल्यावर गाणं लावायचं होतं. ते बटण आजवर काका दाबायचे. थोडा वेळ हवेत नुसती शांतता गेली, मग निल्दा उठली आणि तिने ते स्वतः दाबलं.