प्रमिलाची न धरलेली वर्षं

"आप्पा, त्या स्वतः आजारी होत्या का तेव्हा?" रूपचंदने मला पुन्हा विचारलं.

"आजारी मन्ही माय व्हती. तिले लकवा व्हयेल व्हता."

"ते मले समजनं. मी बाईबद्दल इचारी ऱ्हायनू."

रूपचंद नंदुरबारच्या कचेरीत पेन्शनची कामं बघतो. शहाद्याकडचाच आहे. माझ्याशी घरच्या बोलीत बोलतो, नियम मात्र पुस्तकी मराठीत सांगतो. माझी बायको प्रमिला सरकारी दवाखान्यात परिचर होती. नोकरीला उशिरा लागली. निवृत्त झाली आणि पेन्शन मंजूर व्हायच्या आत गेली. पेन्शनला दहा वर्षं नोकरी लागते. आम्ही धरून चाललो होतो की तिची त्याहून बरीच झाली. पण मधली काही वर्षं ती माझ्या आईसाठी बिनपगारी रजेवर होती. ती वगळली तर दहा भरत नाहीत. तिला पेन्शन नाही, म्हणून तिच्यामागे मलाही नाही.

"स्वतःच्या आजारपणाची रजा असती, डॉक्टरचा दाखला असता, तर धरली असती," रूपचंद म्हणाला. "सासूच्या आजारपणाची धरत नाहीत."

"मंग तेवढी वर्षं ती काय करत होती म्हणतात?"

"काहीच म्हणत नाहीत, आप्पा. रजेवर होत्या, एवढंच." मग त्याने आवाज खाली आणला. "घर जाईसन याद करा. कधी तरी पडन्या व्हतीन ना आजारी? त्या वख्तना दवाखानाना कागद सापडना ते मन्हाकडे लई या."

घरी परतताना बस प्रकाशा गावाजवळच्या तापीच्या पुलावर आली तरी मी तेच आठवत होतो. मला काही आठवेना. त्या वर्षांत मी मिरचीचा ट्रक घेऊन विसरवाडीवरून सुरतेला जायचो. लोणखेड्याला घरी यायचो तेव्हा आई धुतलेली, जेवलेली, खाटेवर उशीला टेकून बसलेली असायची. ते सगळं कसं व्हायचं, हे मी पाहिलेलंच नव्हतं. पाहिलं होतं एकटीने, आईने. तिची उजवी बाजू अजून तशीच आहे. जीभ तेवढी पूर्ण सुधारली. घरी पोचल्यावर तिलाच विचारलं.

"माय, मी गाडीवर जाऊ तवय प्रमिला कधी आजारी पडनी का?"

"कोन इचारस?"

"सरकार."

"सरकारले आते याद उनी का तिन्ही?" तिने डोळे बारीक केले. "पडनी व्हती म्हनं ते काय भेटी?"

"पेन्शन."

"मंग पडनी व्हती. कोठे आंगठा देवाना ते सांग."

"आंगठा नको माय. खरं सांग."



"ताप ये तिले. उभी राही राहीसनच उतरी जाय."

"दवाखानामा नई गई?"

"मले कोनजोडे सोडीसन जाई?"

म्हणजे आजारी होती, पण कागद नव्हता. मी रूपचंदला फोन केला. तो म्हणाला, "शोधा तरी, आप्पा." मी म्हणालो, "शोधाले काही नई, भाऊ."

सकाळी थंडी होती. आईला कुशीवर वळवायचं म्हणून मी तिच्या पाठीखाली हात घातला. ती केवढ्याने ओरडली.

"बरफ लावी ऱ्हायना का रे? तुन्हा हात कितला थंडा शेतस!"

"मंग काय करू?"

"ती काय करे?"

"तेच ते इचारी ऱ्हायनू, माय. ती काय करे?"

"पहिले चहाना गिलास धरे. दोन्ही हातमा. हात तपना का मंग मले उचले."

मी आत जाऊन चहा केला. गिलास दोन्ही हातांत धरून खाटेशी उभा राहिलो. आई माझ्या हातांकडे बघत होती. बोटं चटकायला लागली तेव्हा ती म्हणाली, "आते."

गिलास खिडकीत ठेवला आणि तिच्या पाठीखाली हात घातला. ती ओरडली नाही. तिने अंग सैल सोडलं आणि सहज वळली. मग तिचं तोंड पुसलं, केस विंचरले, उशी लावून तिला बसवलं.

चहा नंतर प्यालो. पार गार झाला होता.