चार फुटांचं फाटक

“साहेब, हे कुठं लावू?”

कारभारी दारात उभा होता. खांद्यावर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबडं, कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर असं हसू की मला वाटलं, याला नातू झाला की काय. मी गुडघ्यावर बसून शेवटच्या दोन तुकड्यांचे बोल्ट आवळत होतो.

“काय आहे ते?”

“तुकडा हाय साहेब. माझा. आखाडात फोन नव्हता का केला तुमाला? चार फुटी, सरळ.”

केला होता. तेव्हा मी गच्चीवर डोंगर रंगवत होतो, हातात ब्रश होता, आणि “अरे वा, आण की” म्हणून मी फोन ठेवला होता. त्यानंतर ती गोष्ट माझ्या डोक्यातून साफ गेली. पाना हातात तसाच राहिला.

आता आमचा उद्योग सांगायला हवा, नाहीतर मी सकाळी सहापासून एका मंगल कार्यालयाच्या फरशीवर काय करत होतो ते कळायचं नाही. मी व्यंकटराव. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं आरेखक होतो, कालव्यांचे नकाशे काढले. निवृत्त झालो आणि आगगाड्यांच्या नादी लागलो. खेळण्यातल्या नव्हेत हं. आमच्या गाड्या मोठ्या. एकेक इंजिन दीड-दोन हात लांब, उचलायला दोन माणसं लागतात. असे वेडे महाराष्ट्रात आणि हैदराबादेत मिळून वीस-पंचवीस जण आहेत. वर्षातून एकदा आम्ही जमतो. प्रत्येकानं आपापल्या घरी चार फुटांचा तुकडा बनवायचा, कुणाचं स्टेशन, कुणाचा पूल, कुणाचा बोगदा. मेळाव्याला ते आणून एकमेकांना जोडायचे आणि त्या अख्ख्या मुलखातून गाड्या सोडायच्या.

यंदाचा मेळावा प्रथमच आमच्या गावात, गारखेड्यात, आणि आखणी माझ्याकडे. कार्यालय मिळालं ते पितृपंधरवड्यात लग्नं नसतात म्हणून. “पितरं जेवायच्या दिवसांत तुम्ही आगगाड्या खेळणार,” असं भानुमती म्हणाली. मी म्हटलं, दुसऱ्या कुठल्या दिवसांत कार्यालय रिकामं मिळतं ते सांग. ती बायको आहे, उत्तर होतंच तिच्याकडे, पण ते इथं नको.

तर आखणी. आमचा मार्ग लांबट वाटोळा असतो. दोन टोकांना गोल वळणं, मध्ये दोन सरळ बाजू. एका बाजूला अकरा तुकडे लावले की समोरही अकराच लागतात, नाहीतर टोकं जुळत नाहीत. शाळेतल्या मुलालाही कळेल एवढं सोपं. कारभारीचा तुकडा एकीकडे बारावा घातला तर समोर बारावा हवा. तो नव्हता. आणि असता तरी काय, एका टोकाला व्यासपीठ आडवं आलेलं, दुसऱ्या टोकाला भिंत. वीतभरही जागा नव्हती. माझ्याच नकाशात नव्हती.

आणि का नव्हती? माझ्या वहीत दोन पानं होती. एका पानावर सभासद आणि त्यांचे तुकडे. दुसऱ्या पानावर व्यवस्था. त्या दुसऱ्या पानावर मी स्वतःच्या हातानं, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: चहा, पाण्याचे जार, विजेच्या वायरी, कारभारी.

हा कारभारी आमच्यात आला आठ वर्षांपूर्वी. माझ्या पहिल्या इंजिनाची मोटर जळाली. परदेशी बनावटीची ती, कुणी हात लावेना. फुलंब्रीच्या रस्त्यावर विहिरीवरच्या मोटरी दुरुस्त करणारं त्याचं दुकान होतं, तिथं शेवटी गेलो. पाच हॉर्सपॉवरच्या धुडांमध्ये तो उघड्या अंगानं तार गुंडाळत बसला होता. माझी मोटर तळहातावर घेऊन म्हणाला, “हे तर पिल्लू हाय.” चार दिवसांनी ती पहिल्यापेक्षा मऊ चालायला लागली. पैसे घेईना. म्हणाला, “गाडी चालताना बघू द्या फक्त.” आमच्या गच्चीवर उकिडवा बसून त्यानं तासभर गाडी पाहिली आणि चहा गार झाला तरी उचलला नाही. तेव्हापासून तो प्रत्येक मेळाव्याला येतो. पेटी घेऊन. कुणाचं इंजिन अडलं की हाक जाते, “कारभारी!” आठ वर्षांत त्याच्याकडे स्वतःचा तुकडा का नाही, हे आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. मीही नाही.

“लासूर टेसनच्या अलीकडलं फाटक केलंय,” तो खांद्यावरचं ओझं सांभाळत सांगत होता. “बाप होता तिथं फाटकावर. सत्तावीस साल. आता बाप नाय, तिथं खालून रस्ता काढला, फाटक गेलं, घर बी पाडलं. म्हातारी रोज म्हनती, जागा सुदिक वळखू येत नाय. म्हनलं, चल, तुला दावतो. बारापर्यंत येती ती, पुतण्या टेसनावरून आणून सोडंल.”

मग मी त्याला गणित सांगितलं. अकरा आणि अकरा, व्यासपीठ, भिंत. अगदी नीट समजावून सांगितलं, जसं कालव्यात जमीन जाणाऱ्या लोकांना आमचे साहेब समजावत. शेवटी म्हणालो, “पुढच्या वर्षी पहिला तुझा लावू.”

त्यानं त्या जोडलेल्या रुळांवर एक नजर टाकली.

“बरं,” म्हणाला. “म्हातारीला तसाच दावतो. गाडी नसली तर नसली.”

गोधडीसकट तुकडा त्यानं भिंतीला टेकवून उभा केला, पेटी उघडली आणि नाशिकहून आलेल्या अमेयच्या वाफेच्या इंजिनाची गळती काढायला बसला. रागावला असता तर बरं झालं असतं. माणूस रागावला की आपल्यालाही उलट बोलता येतं.

सगळे नाश्त्याला गेले तेव्हा मी ती गोधडी सोडली.

आमच्यात एक पद्धत आहे. तुकडा वरून बघायचा नाही. खाली बसायचं, डोळा रुळाच्या उंचीवर आणायचा आणि मग बघायचं. वरून बघितलं तर ते खेळणं दिसतं. मी तुकडा टेबलावर ठेवला, खुर्चीत घसरून हनुवटी टेबलाला लावली.

ऊन होतं. म्हणजे ट्यूबलाइट होती, पण मला ऊन दिसलं. काळ्या मातीतून बैलगाडीची चाकोरी फाटकापर्यंत आलेली. पलीकडे दोन खोल्यांचं घर, दाराशी चूल, तिच्या वरची भिंत धुरानं काळी. रांजण. भिंतीला सायकल. दोरीवर एक लुगडं वाळत घातलेलं, आणि त्याला असा काही बाक दिला होता की तिथं वारा आहे असं वाटावं. फाटकाशी तीन इंची माणूस, निळा सदरा, हातात हिरवा झेंडा. तो रुळांकडे बघत होता, लांब, जिथं तुकडा संपत होता तिथं. गाडी यायची वाट बघत होता. मी किती वेळ तसा होतो कुणास ठाऊक. कपबशांचे आवाज कुठल्यातरी दुसऱ्या गावातून येत होते. मला वाटलं, आता घरातून कुणीतरी हाक मारील आणि तो माणूस मान वळवील.

फाटक कशानं चालतं म्हणून मी बाजूला पाहिलं. एक छोटं हँडल होतं, दोरी होती. आयुष्यभर मोटरी बांधणाऱ्या माणसानं फाटकाला मोटर लावली नव्हती.

मला लाज वाटली. सरळ सांगतो, कारण आडून सांगण्यात काही अर्थ नाही. पाहुण्यांपैकी कुणाचा तुकडा काढणं शक्य नव्हतं, लोक सोलापूरहून, हैदराबादेहून आले होते. पण बावीस तुकड्यांतला एक माझा होता. दौलताबाद स्टेशन. मागे किल्ला, तटबंदी, मिनार, पेरू विकणारी बाई. दोन वर्षं. त्या डोंगरासाठी भानुमतीनं जुने पेपर भिजवून लगदा केला होता आणि त्या वासानं महिनाभर माझ्याशी धड बोलली नव्हती. मेळावा आपल्या गावात व्हावा म्हणून मी जे हट्टाला पेटलो ते कशासाठी? चार माणसांनी हनुवटी टेकवून माझा किल्ला बघावा म्हणून. दुसरं काही नाही. तोही चार फुटी होता. तोही सरळ.

मी पाना घेतला. मग खाली ठेवला. एक चहा प्यायलो. पुन्हा पाना घेतला आणि पहिला बोल्ट सोडला.

“काका, हे काय करताय?” अमेय धावत आला. “दौलताबाद काढताय? सकाळपासून सगळे त्याचेच फोटो काढतायत.”

“फोटो निघालेत ना? मग झालं. ते टोक धर.”

“पण का?”

“माझ्या नकाशात चूक आहे.”

चौतीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी एकदाही उच्चारलं नव्हतं. भानुमती वाढायच्या गडबडीत होती, ती पदराला हात पुसत आली, किल्ल्याखाली दोन्ही हात घातले आणि आम्ही तिघांनी तो उचलून व्यासपीठामागे नेला. परत येताना म्हणाली, “लगदा चांगला झाला होता हो.” इतकंच.

कारभारी गळती काढून उठला तेव्हा बाजूमध्ये चार फुटांची फट होती. त्यानं फटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“साहेब, किल्ला?”

“बघतोस काय, लाव तुझं फाटक. म्हातारी येईल.”

“असं नगं साहेब. तुमचं दोन सालाचं काम हाय.”

“कारभारी, मी तुला वायरींच्या खाली लिहिलं होतं,” मी म्हणालो. “वहीत. आता जास्त बोलायला लावू नको.”

त्याला ते कळलं की नाही मला माहीत नाही. त्यानं गोधडीची घडी घातली, ती काखेत मारली आणि तुकडा उचलला. तुकड्याच्या घडीच्या पायांना त्यानं पंपाच्या पायाचे बोल्ट लावले होते, ते फिरवून उंची जुळवली. मी सांध्यावरून नख फिरवलं. कुठंही अडकलं नाही. बावीस तुकड्यांत तसा सांधा दुसरा नव्हता, माझाही नाही.

कारभारीची आई, मनकर्णाबाई, पावणेबाराला आल्या. ठेंगण्या, वाळलेल्या, हातात कापडी पिशवी. मी दोन खुर्च्या फाटकासमोर ठेवल्या, एक त्यांना, एक कारभारीला. त्या बसल्या, आणि खुर्चीत बसल्यावर त्यांचे डोळे बरोबर रुळाच्या उंचीवर आले. त्यांना आमची पद्धत सांगावी लागली नाही. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. कारभारी पाय बदलत उभा होता.

“रांजन ह्या अंगाला नव्हता,” त्या म्हणाल्या.

“मग?”

“त्या अंगाला. सावलीत.”

कारभारीनं दोन बोटांनी रांजण उचलून सावलीत ठेवला.

“आता?”

“आता हाय.” मग त्यांनी निळ्या सदऱ्याच्या माणसाकडे बोट नेलं, पण लावलं नाही. “लई बारीक केलाय तू त्यास्नी.”

“सगळंच बारीक हाय ना माय.”

“व्हय,” त्या म्हणाल्या.

पहिल्या फेरीची आमची शिस्त ठरलेली आहे. सगळे खाली बसतात, डोळे रुळांशी, आणि तीन फेऱ्या कुणीही बोलत नाही. दिवे मंद केले. पडद्यांमधून दुपारचा पिवळसर उजेड आला. अमेयनं झडप उघडली आणि काळं इंजिन सहा डबे घेऊन निघालं, पूर्वी मीटरगेजच्या लहान लाइनवर चालायचं तसं, कुणाला कसली घाई नसल्यासारखं. तेलाचा आणि वाफेचा वास पसरला. गाडी सोलापूरच्या पुलावरून गेली, कुणाच्या तरी आमराईतून गेली, वळणावर दिसेनाशी झाली आणि नुसता आवाज उरला. त्या आवाजात मला पेंग आल्यासारखं झालं. वाटलं, आपण बावीस घरांच्या आठवणींतून चाललोय आणि एकाच्या आठवणीतून दुसऱ्याच्या आठवणीत शिरताना कुठंही धक्का बसत नाहीये.

कारभारी खुर्चीत बसलाच नव्हता. त्यानं हँडल फिरवलं. फाटक हळूहळू खाली आलं.

गाडी जवळ आली तशा मनकर्णाबाई उठून उभ्या राहिल्या. डोक्यावरून घसरलेला पदर त्यांनी पुढं ओढून घेतला आणि जरा तिरक्या झाल्या, डब्यांतल्या माणसांना तोंड दिसू नये अशा. डबे एकेक करून त्यांच्यासमोरून गेले. शेवटचा डबा जाईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या.

“गेली,” त्या म्हणाल्या. पहिल्या फेरीत बोलायचं नसतं, पण कुणी वळून पाहिलं नाही. “आता जेवाया येतीन.”

आणि शेजारची रिकामी खुर्ची त्यांनी पदराच्या टोकानं पुसून घेतली.

कारभारीनं ते ऐकलं. हँडल उलटं फिरवून त्यानं फाटक उघडलं आणि पुढच्या गाडीसाठी तिथंच थांबला. संध्याकाळी मेळावा उठेपर्यंत तो फाटकाशी उभाच होता. मी दोनदा म्हणालो, अरे, बस की जरा. तो नुसता मान हलवायचा. त्या खुर्चीवर दिवसभरात कुणी बसलं नाही.